थकबाकी कोणाची?

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना मला ‘अर्थतज्ज्ञ’ म्हटले. ते काही खरे नव्हे. बँकेत बत्तीस वर्षे खतावण्या लिहिल्या, एवढीच माझी पुंजी. पण खतावणी लिहिणाऱ्याला एक सवय लागते. आजची शिल्लक दिसली की तो मागचे पान उलटतो. ही शिल्लक आली कोठून? कोणी भरले, कोणी काढले, कोणाचे बाकी राहिले? आर्थिक इतिहास म्हणजे दुसरे काही नाही. देशाच्या खतावणीची मागची पाने उलटणे, एवढेच.

आज हा विषय मी का घेतला ते सांगतो. मागच्या महिन्यात अभ्यासिकेत बारावीतला एक मुलगा गप्पांच्या ओघात मला म्हणाला, “काका, आपल्या माणसांना पैसा टिकवता येत नाही. धंदा जमत नाही. ते आपल्या रक्तातच नाही.” पोरगा हुशार आहे, वाईट हेतूने बोलला नाही. पण घरी गेल्यावर मला रात्री झोप आली नाही. कारण आमच्या आज्या-पणज्यांना गाव हेच सांगत होते. तेव्हा म्हणत, तुमचे मागच्या जन्मीचे कर्म. आता कर्म जाऊन रक्त आले. शब्द बदलला, अर्थ तोच राहिला: दोष तुमचाच!

भगवान बुद्धांनी आपल्याला काय शिकविले? कोणतीही गोष्ट कारणावाचून घडत नाही. कारण असेल तर कार्य होते, कारण गेले की कार्य जाते. मग गरिबी तेवढी विनाकारण येते काय? तिचेही कारण शोधले पाहिजे. आज मी त्या मुलाला उत्तर देण्यासाठी उभा आहे. तो समोरच बसला आहे, पण त्याने संकोचू नये. त्याने मनातले उघड बोलून दाखविले, म्हणून हे भाषण झाले.

प्रथम आपल्यापासून फार लांब असलेल्या एका देशाची हकीगत सांगतो. घरचे दुखणे दुसऱ्याच्या घरात पाहिले की लवकर समजते. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तेथे स्पॅनिश लोकांचे राज्य होते. पोटोसीच्या डोंगरात चांदी होती आणि वांकावेलिका येथे पारा होता. खाणीत उतरायला माणसे हवी होती. मग सरकारने १५७३ साली नियम केला. एक हद्द आखली आणि त्या हद्दीतल्या प्रत्येक मूळनिवासी वस्तीने आपल्या कर्त्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने खाणीवर पाठवायचा. मजुरी नाममात्र. या वेठीला तिकडे ‘मिता’ म्हणत. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ती चालली आणि १८१२ साली बंद झाली.

आता पुढचे ऐका. मेलिसा डेल नावाच्या एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्या जुन्या हद्दीच्या आतली गावे आणि लगतची हद्दीबाहेरची गावे घेतली. डोंगर तोच, माणसे तीच, भाषा तीच. फरक एवढाच की एका बाजूला पूर्वी वेठ होती, दुसऱ्या बाजूला नव्हती. २०१० साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. वेठ बंद होऊन दोनशे वर्षे होत आली होती, तरीसुद्धा हद्दीच्या आतल्या कुटुंबांचा खर्च, म्हणजे खाणेपिणे-राहणीमान, सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. वाढ खुंटलेल्या मुलांचे प्रमाणही तिकडे सुमारे सहा टक्क्यांनी जास्त निघाले.

हे कसे झाले? वेठ तर १८१२ लाच संपली ना? वेठ संपली, पण तिने पाडलेली घडी संपली नाही. खाणीची माणसे दुसऱ्या कोणी पळवू नयेत म्हणून सरकारने त्या भागात बड्या जमीनदारांना फारसे शिरू दिले नव्हते. ते हद्दीबाहेर स्थिरावले. सरकारदरबारी त्यांचे वजन होते, म्हणून रस्ते त्यांच्या बाजूला झाले. रस्ता आला की बाजार येतो, पैसा खेळतो. वेठीच्या गावांत शाळाही कमी, रस्तेही कमी. ती गावे पोटापुरते पिकविणारी राहिली. जमीनदार फार पुण्यवान होते, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, ज्याचा आवाज सरकारपर्यंत पोचतो त्याच्या दारापर्यंत रस्ता पोचतो. ज्याचा पोचत नाही, त्याची नातवंडे चिखल तुडवितात.

त्या पेरूतल्या एखाद्या पोरालाही कोणी म्हणत असेल, “तुमच्या रक्तातच नाही.”

बंधू-भगिनींनो, आता आपल्या गावाकडे या. वेठीचे नाव आपल्याकडे वेगळे होते. आपल्याकडे तिला ‘वतन’ म्हणत. केवढा मोठा शब्द! ऐकणाऱ्याला वाटावे जहागिरीच आहे. काय होते हे वतन? गावचा येसकर म्हणजे गावचा चोवीस तासांचा चाकर. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, साहेब आला की त्याचे सामान वाहायचे, घोड्यापुढे धावायचे, गावच्या शिवेची साक्ष द्यायची, मर्तिकाची बातमी पावसापाण्यात गावोगाव न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. मोबदला काय? गावकुसाबाहेर हाडकी-हाडोळ्याची इनाम जमीन, तिच्यावर सरकारची जुडी, आणि सुगीला खळ्यावर मिळणारे बलुते. बलुते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. वर भाकरी मागून आणायची.

माझा आजा येसकरकी करीत होता. तो सांगायचा, “कामाला वेळ नाही आन् दामाला माप नाही.” या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. हिशेब करून पाहा. ज्या कामाला तास ठरलेले नाहीत, त्याची मजुरी ठरत नाही. मजुरी रोख नाही, म्हणून शिल्लक पडत नाही. शिल्लक नाही, म्हणून भांडवल नाही. बरे, काम सोडून दुसरीकडे जावे तर वतन जाते आणि गाव बहिष्कार टाकते. पुन्हा हे काम एकट्या माणसाचे नव्हे, सबंध घराचे. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाने जावे, बायकोने जावे. म्हणजे एका माणसाच्या तुटपुंज्या मोबदल्यात सरकार आणि गाव सगळे कुटुंब राबवून घेत होते.

आता आमच्या बँकेतले साधे गणित करू. १९१८ साली दोन घरे होती असे समजा. एका घराने कसेबसे शंभर रुपये बाजूला टाकले. दुसऱ्या घराला एक पैसाही टाकता आला नाही, कारण त्याला रोख मजुरीच मिळत नव्हती. पहिल्या घराचे शंभर रुपये दरसाल ५ टक्के चक्रवाढीने शंभर वर्षे ठेवले तर त्याचे १३ हजारांच्या वर होतात. दुसऱ्या घराचे? शून्याला चक्रवाढ लागत नाही. शून्याचे शंभर वर्षांनी शून्यच होते. पहिल्या घरचा नातू हुशार आणि दुसऱ्या घरचा मठ्ठ, असे यावरून म्हणता येईल काय? दोघांच्या रक्तात फरक नाही. फरक आहे तो मागच्या पानावरच्या शिलकेत.

कोणी म्हणेल, गावात नसेल जमत, तर शहरात जायचे होते. आमची माणसे गेली की! मुंबईच्या गिरण्यांत गेली, गोदीत गेली, रेल्वेत गेली. पण जात गाडीत बसून बरोबर आली. गिरणीत जास्त पगार विणकामाच्या खात्यात होता. तेथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि आमच्या तोंडाने तो बाटे! म्हणून आमचा माणूस कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. यंत्र विलायतेचे, मालक मुंबईचा, पण नियम गावकुसाचा. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे, असे बाबासाहेब म्हणत, ते असे रोजच्या पगाराच्या पाकिटात दिसत होते.

येथे बाबासाहेबांविषयी थोडे बोलतो. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, धम्मचक्र फिरविणारे बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. पण बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा त्यांच्या एका प्रबंधाचा विषय. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला लंडनची डी. एस्सी. १९२३ साली मिळाली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली निघाला. म्हणजे राज्याचा पैसा येतो कोणाकडून आणि जातो कोणाकडे, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

त्यांच्याही आधी हा प्रश्न महात्मा फुल्यांनी विचारला होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतिरावांनी सांगितले की, सारा भरतो कष्टकरी शेतकरी आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घेतात वरच्या वर्गाची मुले. खतावणीच्या एका बाजूला एकाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. आर्थिक इतिहासाचा धडा याहून सोपा कोण देणार?

बाबासाहेबांचा १९१८ चा एक निबंध आहे, भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर. त्या काळी पुष्कळ विद्वान म्हणत की, शेताचे तुकडे झाले म्हणून शेती बुडते, तुकडे जोडले की झाले. बाबासाहेब म्हणाले, शेत लहान की मोठे हे नुसत्या बिघ्यावरून ठरत नाही. त्यावर लावायला बैल, अवजारे, भांडवल किती आहे यावर ठरते. भांडवलच नाही आणि एका तुकड्यावर दहा तोंडे बसली आहेत, हे खरे दुखणे. तेव्हा शेतीवरची जादा माणसे उद्योगधंद्यात गेली पाहिजेत, म्हणजे शेतीही सुधारेल. सत्तावीस वर्षांच्या तरुणाने हे लिहिले! आज आपल्या वतनी जमिनीचा सातबारा काढून पाहा. एका गटावर चाळीस-चाळीस नावे असतात. चाळीस वारस, विहीर एकही नाही. तो निबंध आपल्या हाडोळ्याकडे पाहून लिहिल्यासारखा वाटतो.

पण बाबासाहेब निबंध लिहून थांबले नाहीत. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. कामे ठरवून द्या, बलुत्याऐवजी रोख पैसा द्या, ज्याला वतन सोडायचे आहे त्याला जमीन राखून सोडता येऊ द्या, असा त्याचा रोख होता. ते मंजूर झाले नाही. कसे होणार? फुकटचा चाकर कोणाला नको असतो? १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती बंद करण्याचे बिल मांडले. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. लक्षात घ्या, त्या मोर्चात कुणबीही होते आणि आपलेही लोक होते. खोताच्या दारी राबणारा कोणत्याही जातीचा असो, बाबासाहेबांच्या हिशेबात तो एकाच खात्यावर होता. १९३९ साली हरेगाव येथे वतनदारांची परिषद झाली, तेथेही वतनावर त्यांनी कोरडे ओढले.

कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतने खालसा करून जमिनी रयतवारीने लोकांच्या नावावर केल्या होत्या. राज्यकर्त्याच्या मनात असले तर काय होऊ शकते, याचा हा दाखला. बाकी मुलखात खोती १९४९ च्या कायद्याने गेली आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने गेली. तो कायदा १९५९ साली अंमलात आला. म्हणजे १९२८ ला मागितलेला न्याय बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पदरात पडला. मधली तीस वर्षे म्हणजे एक सबंध पिढी झाली. तिचे व्याज कोणी धरायचे?

कायद्याने वतन गेले. वतनाची जमीन ठराविक रक्कम भरून पुन्हा आमच्या नावावर व्हायची होती, तीही अटीवर. कोणाला कळले, त्याने भरली. कोणाला कळलेच नाही. आमच्या घरी जर्मनच्या डब्यात एक पावती आहे. वडिलांनी उसने पैसे काढून ती रक्कम भरली होती. माझ्या चुलत आज्याच्या घरी मात्र पावती नाही आणि आता जमीनही नाही. दोन्ही भाऊ सारखेच राबणारे. एकाला वाचता येणारा मुलगा होता, दुसऱ्याला नव्हता. एवढ्यानेच दोन घरांचे पुढचे साठ वर्षांचे नशीब फिरले.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपल्याला समता मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. त्या वेळी पुष्कळांना हे नुसते वक्तृत्व वाटले असेल. आता संशोधक आकड्यांनी तेच सांगत आहेत.

अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अभिजित बॅनर्जींना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इंग्रजांनी १७९३ साली बंगालमध्ये कायमधाऱ्याची पद्धत आणून जमीनदार वर्ग बसविला. मद्रास, मुंबई इलाख्यांत बहुतेक ठिकाणी रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी कायद्याने संपली. तरीसुद्धा, या दोघांना असे आढळले की, पूर्वी जमीनदारी असलेले जिल्हे रयतवारी जिल्ह्यांच्या मागे पडले. पाटपाणी कमी, खते कमी, उतारा कमी, शाळा-दवाखानेही कमी. हा फरक विशेषकरून १९६५ नंतर, हरितक्रांतीचे नवे बियाणे आले तेव्हा वाढला. संधी दोघांनाही आली. पण ती घेण्याची ताकद ज्याच्या घरी आधीपासून होती, तो पुढे गेला.

यावर माझी एक पुस्ती आहे. हे आकडे जिल्ह्याचे आहेत. जिल्ह्याची सरासरी गावकुसाबाहेरच्या वस्तीचा हिशेब सांगत नाही. आमचा मुलूख रयतवारीचा, म्हणून चांगला. पण त्या रयतेत आम्ही कोठे होतो? पाटलाच्या मळ्यात पाणी आले म्हणजे येसकराच्या हाडोळ्यात आले असे होत नाही. देश पुढे गेला की नाही हे विचाराच, पण देशातला शेवटचा माणूस किती पावले पुढे गेला, हेही विचारले पाहिजे.

मग आता तर सगळे ठीक झाले असेल? दोन गोष्टी सांगतो. प्रा. सुखदेव थोरात हे आपल्या अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी पॉल अॅटवेल यांच्याबरोबर एक प्रयोग केला. वर्तमानपत्रातील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले, फक्त नाव-आडनाव वेगळे. २००७ साली निष्कर्ष आला. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे कमी आले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, आडनावाने मात्र घात केला.

दुसरी गोष्ट मार्च २०२४ ची. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील १९२२ पासूनच्या शंभर वर्षांच्या विषमतेचा अंदाज मांडला. त्यांच्या हिशेबाने १९८२ साली सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नापैकी ६ टक्के जात होते. २०२२-२३ साली ते २२.६ टक्के झाले. खालच्या अर्ध्या लोकसंख्येला मिळतात सुमारे १५ टक्के. सोपे करून सांगतो. या सभागृहात शंभर माणसे आहेत आणि वाटायला शंभर रुपये आहेत. पहिल्या खुर्चीवरचा एक जण बावीस-तेवीस रुपये उचलतो आणि मागे सतरंजीवर बसलेले पन्नास जण मिळून पंधरा रुपये वाटून घेतात. या आकड्यांवर अर्थतज्ज्ञांत वाद आहेत, ते असू द्या. वाद घालायलासुद्धा आपल्यातली माणसे आकडे शिकलेली पाहिजेत!

आता हे ऐकून कोणी खचून जाईल. म्हणेल, दोनशे वर्षे जात नाही म्हणता, मग आमच्या हाती काय? हाच तर आजच्या भाषणाचा मुद्दा आहे. गरिबी रक्तात असती तर उपाय नव्हता. दैवात असती तरी उपाय नव्हता. पण ती नियमांनी आली आहे. माणसांनी केलेले नियम माणसे बदलतात. २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, ते असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन हेच सांगतात की, राष्ट्राची भरभराट ठरते ती तेथील संस्थांवर, म्हणजे कायदे, हक्क आणि सत्तेत कोणाला वाटा आहे यावर. मूठभरांसाठी बहुतेकांना पिळणारी व्यवस्था असली की देश खुंटतो. आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये.

अडीच हजार वर्षांपूर्वी दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात काय सांगितले आहे? राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले. पुरोहित राजाला सांगतो, नुसती शिक्षा करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला नीट वेतन दे. आणि चक्कवत्ती सीहनाद सुत्तात सांगितले आहे की, राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा. भगवंतांनी दारिद्र्याचा ठपका दरिद्री माणसावर ठेवला नाही. व्यवस्थेकडे बोट दाखविले.

आणि बदल होतो, याचा पुरावा हवा असेल तर तो या सभागृहातच आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर निघाली. देशाची सरासरी होती ७३ टक्के. ज्यांच्या आज्याला शाळेच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, त्यांची नातवंडे देशाच्या सरासरीच्या पुढे! आणि देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध आपल्या महाराष्ट्रातले. हे कोणाच्या रक्ताने झाले? हे झाले बाबासाहेबांच्या हाकेने, १९४५ च्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने, मुंबईच्या सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाने, शिष्यवृत्तीने, आरक्षणाने, आणि मोलमजुरी करून पोराला वही घेऊन देणाऱ्या आयांनी. साक्षरतेच्या खात्यावर आपण थकबाकी पुष्कळ फेडून घेतली. जमिनीच्या, भांडवलाच्या, धंद्याच्या खात्यावर ती अजून तशीच आहे. त्या खात्याची वसुली या मुलांना करायची आहे.

म्हणून विहारासमोर मी तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येकाने घरची कागदपत्रे शोधावीत. वतनाचा उतारा, कब्जाहक्काची पावती, वडिलांची गिरणीची नोकरीची कागदे, काही असेल ते. गावच्या वतनी जमिनीवर वारसनोंद झाली आहे की नाही हे तलाठ्याकडून पाहून घ्यावे. बहिणींची नावे गाळू नका! आपल्या आईबहिणींचा वाटा खाऊन समतेच्या गोष्टी सांगता येत नाहीत. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे विसरू नका.

दुसरी, घरोघरी जमाखर्चाची वही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आपले उलटे होते. लग्नात आणि बारशात दोन भाग जातात, कर्जात तिसरा जातो आणि चौथा उरतच नाही. व्यवस्थेचा दोष व्यवस्थेच्या खात्यावर लिहा, पण बँडबाजाचे बिल मात्र आपल्याच खात्यावर लिहावे लागेल.

तिसरी, अभ्यासिकेत एक कपाट अर्थशास्त्राचे असावे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले आहेत. ते केवळ पूजेत ठेवू नका. रुपयाचा प्रश्न कठीण असेल, पण १९१८ चा तो लहान निबंध दहा रविवारी मिळून वाचता येतो. मी येऊन बसेन. आणि ज्या आज्या-आजोबांनी येसकरकी पाहिली, बलुते पाहिले, गिरणीतले पाण्याचे वेगळे माठ पाहिले, त्यांना मुलांनी विचारून लिहून ठेवावे. ती माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली. त्यांच्याबरोबर मागची पाने फाटून गेली, तर पुढच्या पिढीला फक्त शिल्लक दिसेल, आणि ती म्हणेल, आपल्या रक्तातच नाही.

बाळ, तुला आता उत्तर मिळाले असेल. तुझ्या पणज्याच्या घरात पैसा टिकला नाही, कारण तो कधी आलाच नाही. त्याने कमावले होते, पण ते त्याच्या नावावर जमा झाले नाही. थकबाकी आपली नाही, आपल्याला येणे आहे. येणे वसूल करायचे तर लिहिता, वाचता आणि हिशेब मांडता आला पाहिजे. तू तो शिक.



नमो बुद्धाय! जयभीम!